खालच्या विहिरीचं पाणी

१२ मार्च १९७२

काष्टीच्या बाजारात बैलांच्या मागं हिंडून कंटाळा आला होता. तिथंच चहाच्या टपरीवर एकानं सांगितलं, खर्ड्याजवळ वस्तीवर सूर्यभान आबांना डोकं धुवायला माणूस पाहिजे. मला वाटलं चेष्टा करतोय. पण एस्टीत बसलो, निदान किल्ला तरी बघू म्हणून. किल्ला बघण्यातच दुपार गेली. वस्तीवर पोचलो तर जेवणं उरकलेली. तरी आक्काबाईनं भाकरी आणि ठेचा वाढला. घरचा स्वयंपाक तीच करते. म्हातारी कमी बोलते, पण हात सढळ. एकूण जागा झकास आहे.

आबा चाळिशीचे. मुंबईच्या डॉक्टरनं त्यांच्या डोक्यामागचे केस बारीक नळीनं मुळासकट काढून पुढं टकलावर लावलेत, वाफ्यात मिरचीची रोपं लावावीत तसे. प्रत्येक रोपाभोवती रक्ताची खपली. गावचा न्हावी नको, तो बोंबलत फिरेल, म्हणून परका माणूस हवा होता. दिवाळीनंतर त्यांचं दुसरं लग्न आहे. पहिली बायको लंकाबाई रुसून निघून गेली, परत आलीच नाही, असं ते म्हणाले.

पाणी उकळून कोमट करायचं. साबणाचा फेस पाण्यातच करून हळू सोडायचा. चोळायचं नाही, नख लावायचं नाही, खपली आपोआप पडू द्यायची, मलमलच्या फडक्यानं नुसतं टिपायचं. लावलेले केस आधी गळतील आणि काही महिन्यांनी नवे येतील, घाबरू नका, असं डॉक्टरनं सांगितलंय. मी डावखुरा. आबा म्हणाले, लेका, डावा हात माणसाच्या डोक्याला लावत नसतात. म्हणून धुवायचं उजव्यानं, लिहायचं डाव्यानं.

पाणी मात्र टेकाडापलीकडच्या वरच्या विहिरीचंच. घराशेजारची खालची विहीर बाभळीच्या फांद्या टाकून झाकलीय. तिचं पाणी जड आहे म्हणे.

१५ मार्च

आज घोटाळा केला. घागर घेऊन निघालो तर वाटेत दोन एडके टकरीला लागलेले. ते बघत बसलो. आबांची हाक आली तेव्हा घागर रिकामी. मग काय, फांद्या सारल्या आणि खालच्या विहिरीतून शेंदलं. उकळायलाही वेळ नव्हता, चुलीवर जरा ऊन केलं. चाखून बघितलं तर गोड पाणी, जड कसलं. आक्काबाईनं मला शेंदताना पाहिलं. मला वाटलं आता चुगली करणार. तिनं गुमान मलमलचं फडकं हातात दिलं.

आबांना गार वाटलं, खाज थांबली. रोज असंच धूत जा म्हणाले. टेकाड चढायचं वाचलं.

२१ मार्च

खपल्या पडल्या. केस गळायचे होते, ते गळले नाहीत, उलट बोटभर वाढले. आबा सारखे आरशात बघतात. खुशीत मला जुन्या वहाणा दिल्या.

एक कळत नाही. आबांचे मागचे केस राठ, पिकलेले. त्याच केसांची रोपं पुढं लावली ना? पुढं मात्र मऊ आणि काळेभोर आलेत. मी साबण वापरतो आणि वास शिकेकाईचा येतो. आक्काबाई आता सकाळी स्वतःच घागर शेंदून ठेवते.

२६ मार्च

केस खांद्याच्या खाली गेले. आबा खोलीतून बाहेर येत नाहीत. कापून टाक म्हणाले. वसरीत खुंटीला मेंढ्यांची लोकर कातरायची कातर होती, ती आणली. कातर मला उजव्या हातानं चालत नाही, डाव्यानंच कापले. पाटीभर झाले. कापताना आबांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते.

२७ मार्च

सकाळी पुन्हा तेवढेच. जास्तच.

आबांनी एक बट नाकाशी धरली आणि तोंडावरचं रक्त उतरलं. पाणी कुठलं आणतोस विचारलं. वरचं म्हणालो.

२८ मार्च

आक्काबाईला म्हटलं, मी निघतो. तिनं हाताला धरून चुलीपाशी बसवलं.

लंकाबाई तिच्या बहिणीची लेक. एकदा खळ्यावर गड्यांसमोर नवऱ्याच्या टकलाला हसली. एवढंच. आबांनी तिला केसाला धरून घरी आणलं, त्या खुंटीवरच्या कातरीनं तिची वेणी मुळापासून कापली आणि तिला खालच्या विहिरीत ढकललं. आक्काबाई दारात उभी होती. बोललीस तर तूही जाशील, असं तिला बजावलं.

मी म्हटलं, गावाला कळलं कसं न्हाई? ती म्हणाली, आरं, हिरीत मानूस गेलं की आमी हीर उपसतो, मगच पानी पितो. ती रुसून गेली म्हनून त्यानं गावाला सांगितलं, म्हनून ही उपसलीच न्हाई. उपसली आसती तर ती घावली आसती. आजून तिथंच हाय माझी लेक.

मग तिनं विचारलं, परवा केस कंच्या हातानं कापलंस? मी डावा पुढं केला. तिनं तो पदरानं पुसला, लहान पोराचा पुसतात तसा.

उद्याचं पाणी कुठलं आणू, विचारलं. तुजी मर्जी, म्हणाली.

२९ मार्च, सकाळ

जाणार होतो. नाही गेलो. खालच्या विहिरीतून शेंदलं, काठोकाठ. ऊनही केलं नाही. तिला लागलं तसं गारच लागू दे त्याला. आज विचारलं तर सांगणार, कुणाचं पाणी आहे ते.

२९ मार्च, दुपार

सांगितलं. आबा उठायला लागले — केसांनी उठू दिलं नाही. तोंडावरून, गळ्याभोवती — माझा उजवा हात मनगटापर्यंत आत अडकलाय. वही खिशात होती. डाव्यानं लिहितोय. कुणाला तरी कळावं.

आबांचा श्वास चालत नाही. तरी चालतायत. विहिरीकडं. मी मागं फरफटत —

आक्काबाईला हाक मारली, कातर आण म्हटलं. ओट्यावरून उठली नाही. म्हणाली, कातर हाय, पर तिच्या केसाला पुन्यांदा न्हाई लावायची. भिऊ नगं, ज्या हातानं धुतलंस त्या हाताला ती काय करायची न्हाई.

काठावर बसलोय. फांद्या तरंगतायत. पाणी इतकं वर कधी — पाण्यातूनही केस वर — आबा गेले. आवाजसुद्धा नाही —

उजवा सुटला. एकेक बोट, अलगद, फडक्यानं टिपावं तसं. म्हातारी खरं बोलली, उजव्याला काही —

डाव्या मनगटाला काहीतरी ओलं