काठोकाठ भरलेला प्याला

प्रिय अदोलत आपा,

माझं अक्षर एवढं मोठं कधीपासून झालं, म्हणून हसू नकोस. कारण शेवटी सांगते.

आई गेल्यावर तूच मला चुलीपाशी बसवून वाचायला शिकवलंस. "नुसतं वाचू नकोस, काय कळलं ते सांग," म्हणायचीस. इथे ताश्कंदमध्ये शाळा सुटल्यावर मुलांचा इंग्रजीचा गृहपाठ घेताना तेच वाक्य माझ्या तोंडी येतं. जर्दाळू फुललाय, नवरोजचा सण जवळ आलाय. शेजारीण रोज विचारते, "बहिणीकडे जाणार ना?" मी विषय बदलते. गेल्या पानगळीत तुझ्याकडून निघाले, तेव्हापासून तुला मी तिथे हवी आहे की नाही, हेच मला ठाऊक नाही. फोनवर तू "सगळं छान" म्हणून ठेवून देतेस.

परवाचा उतारा इंग्रजांच्या घरी आलेल्या एका पाहुण्याचा होता. घरधनीण त्याचा कप काठोकाठ भरते. प्रश्न होता, पाहुणा आल्यावर तिला काय वाटलं? झाडून सगळ्या मुलांनी लिहिलं, 'ती कंटाळली, त्यानं आता जावं.' मी समजावलं, की आपल्याकडे भरला प्याला म्हणजे 'आता निघा', पण तिकडे भरला कप म्हणजे आनंद. तर झिलोला नावाची मुलगी म्हणते, "मग आपला मानाचा अर्धा प्याला बघून ते लोक आपल्याला चिक्कूच म्हणतील!" वर्ग खो खो हसला. हसू ओसरल्यावर तीच म्हणाली, "बाई, आमची आजी हल्ली काठोकाठच ओतते. पाहुणे बिचारे उठून जातात. तिला काठ दिसत नाही हो, पण कबूल कुठे करतेय!"

पुढच्या वह्या मी कशा तपासल्या, मलाच माहीत नाही.

गेल्या पानगळीत, निघाले त्या दिवशी मी तुला ताश्कंदच्या नोकरीचं सांगितलं. तू नान ठेवलास तो उलटा. लहानपणी मी चुकून तसा ठेवला की अन्नाचा अपमान म्हणून कान पिळणारी तू! मग माझा प्याला भरलास, बशीत सांडेपर्यंत. मी तो पोळता चहा संपवला आणि संध्याकाळची गाडी पकडली. तू एक शब्दही वाकडा बोलली नव्हतीस. नंतर माझी पत्रं पूर्वीसारखी तुझ्या लाल पेन्सिलीनं तपासून परत येईनाशी झाली, तोही मी रागच समजले. उतारा समोर होता आणि मी उत्तर घाईनं लिहिलं.

आपा, तुला नीट दिसतं ना? एवढंच विचारायला हे पत्र, आणि त्यासाठीच ही मोठी अक्षरं. तरीही लागत नसतील, तर पत्र तसंच उशाशी ठेव. गुरुवारी येऊन मीच वाचून दाखवीन. माझं हेही उत्तर चुकलं असेल आणि तू खरोखरच रागावली असशील, तरी येतेच. प्याला हवा तेवढा भर. मी उठणार नाही.

तुझीच, अजून तुझ्याकडेच शिकणारी,
हुमोरा