भट्टीजवळची मानाची खुर्ची

३ मार्च, सोमवार
तातेबायाशी साहेबांनी २८ तारखेच्या पार्टीसाठी इटालियन हॉटेल शोधायचं काम नारुसेला दिलं. नारुसेला! वय वर्षं बत्तीस. आमच्या डिपार्टमेंटच्या एकूण एक पार्ट्या गेली अकरा वर्षं मी ठरवतोय. इथे ऑफिसभोवती, मारुनोउचीत कुठल्या हॉटेलात कोटांसाठी किती खुंट्या आहेत, तेही मला पाठ आहे. शिवाय एप्रिलमध्ये सेक्शन हेडची जागा भरायची आहे. मीच होणार हे उघड आहे, बायकोला, सायोकोला, तसं सांगूनही टाकलंय. अशा वेळी पार्टी दुसऱ्याच्या हातात जाणं बरं दिसत नाही. जेवणाच्या सुट्टीत नारुसेच्या टेबलावरून पार्टीचा कागद उचलून आणला. म्हणाला, कुसाकाबे-सान, या वेळी राहू द्या ना, प्लीज. चेहरा पांढराफटक. टरकलाय.

५ मार्च
पार्टी कशासाठी ते कागदावर नाही. मार्चअखेर आहे, म्हणजे कोणाला तरी निरोप. बदल्यांची यादी २८ला सकाळी लागेल, तोवर गुपित.
दुपारी साहेबांनी हाक मारली. पाच मिनिटं आत ये रे, म्हणाले. नारुसेने चहाडी केली असणार. दारातूनच सांगितलं, साहेब, हॉटेलचं माझ्यावर सोडा, तुम्ही निर्धास्त राहा. आणि सटकलो.

१० मार्च
संकल्प: आज निर्णय.
तीन हॉटेलं पाहिली. पहिल्यात आवाज घुमतो. दुसरं पस्तिसाव्या मजल्यावर, साहेबांना खाली बघितलं की गरगरतं. तिसरं विटांच्या गल्लीत, तळघरात. सतरा जणांचं एकच लांब टेबल आहे, पण मानाची खुर्ची, म्हणजे दारापासून सगळ्यात लांबची, नेमकी पिझ्झाच्या भट्टीला पाठ करून. दहा मिनिटं बसून पाहिलं. मान भाजून निघाली. बाद.
निर्णय उद्या. देवदाराच्या परागांनी नाक वाहतंय, अशात कोणाचं डोकं चालणार?

१४ मार्च, शुक्रवार
कोडं सुटलं! बदली नारुसेची आहे.
काल तो पार उत्तरेला, आपल्या कुशिरोच्या गोदामात फोन लावून बोलत होता, मला पाहताच ठेवला. आज विचारतो, तुम्हाला थंडी सोसते का हो? स्वतःलाच थंडीची धास्ती, दुसरं काय! मग माझ्या गिऱ्हाइकांच्या फायली समजावून मागितल्या. जाता जाता शिकायची हौस. समजावल्या. मोठ्या मनाने.
हॉटेल नक्की केलं. तळघरातलं. मी सूडबुद्धीचा माणूस नाही. उत्तरेला जाणाऱ्या माणसाला थोडी ऊब मिळावी, इतकंच. मुख्य पदार्थ: माकूळ माशाच्या काळ्या शाईतला पास्ता. नारुसे रोज पांढरा शर्ट घालतो.

१९ मार्च
साहेबांनी लिफ्टमध्ये गाठलं. तुझ्याशी बोलायचंच राहतंय, म्हणाले. मी आवाज खाली आणून म्हणालो, साहेब, मला सगळं कळलंय. माझी तयारी आहे. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. म्हणाले, केवढं ओझं उतरवलंस रे, तू इतक्या शांतपणे घेशील असं वाटलं नव्हतं.
प्रमोशन शांतपणे घ्यायला काय झालं? पण डोळे भरून आले त्यांचे. माणूस भला आहे.

२५ मार्च
निरोपाची भेट म्हणून लोकरी मफलर घ्यायचं ठरलं. नारुसे म्हणाला, रंग तुम्हाला आवडेल तो घ्या. मला करडा आवडतो, म्हणून तपकिरी घेतला. हॉटेलला फोन करून केकच्या प्लेटवर चॉकलेटने लिहायला सांगितलं: नारुसे-सान, तिकडे तब्येतीला जपा.
सायोको शुक्रवारी लाल भात करणार आहे. शुभकार्याचा. आधी यादी लागू दे, असं म्हणत होती. मी म्हणालो, करून टाक गं.
संकल्प: भाषणात रडायचं नाही.

२८ मार्च, शुक्रवार, सकाळी ९:४०
यादी लागली. दोनदा वाचली.
सेक्शन हेड: नारुसे.
कुशिरो गोदाम: कुसाकाबे.
साहेबांनी लांबूनच मान डोलावली, शाबास म्हटल्यासारखी. त्यांच्यावर रागावताही येत नाही. मीच म्हणालो होतो, तयारी आहे.

११:०५
हॉटेलला फोन. पास्ता बदलता येत नाही, माकूळ सकाळीच आणलेत. टेबल एकच, ते हलत नाही. केक बनवणारा संध्याकाळी येतो. फोनवरची बाई म्हणाली, आठवण राहिली तर सांगते.

१२:३०
आज मीही पांढरा शर्ट घालून आलोय.

२९ मार्च, शनिवार, सकाळ
मी दाराजवळ बसायला गेलो, पार्टी ठरवणाऱ्याची जागा तीच. सगळे ओरडले, अहो तिकडे, तिकडे, आज तुमचाच मान! नारुसे हळूच म्हणाला, मी बसतो तिथे, मला चालेल. पण उत्सवमूर्तीला उठवायची पद्धत नाही. बसलो. पाठ शेकली, शाई उडाली. साहेबांनी उठून सांगितलं की कुसाकाबेने स्वतःच्या निरोपाचं हॉटेल स्वतः शोधलं, असा माणूस पुन्हा मिळणार नाही. टाळ्या झाल्या.
केक आला तेव्हा नारुसेनेच पुढे होऊन प्लेट घेतली. पाहिली. माझ्याकडेही एकदा पाहिलं. मग अंगठ्याने आपलं नाव पुसलं आणि प्लेट माझ्यासमोर ठेवली. तिकडे तब्येतीला जपा, एवढंच उरलं. बाकी कोणाच्या लक्षात आलं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डोळ्यांत पाणी आलं, ते भट्टीचं म्हणून सांगितलं.
आज नाश्त्याला लाल भात. कालचाच, तसाच झाकलेला होता. तेव्हा कुठे सायोकोला कुशिरोचं सांगितलं. तिने मग तपकिरी मफलर घडी करून ठेवला, शर्टावरचे काळे डाग बघितले आणि विचारलं, असलं कसलं हॉटेल, कोणी निवडलं?
मी म्हणालो, नारुसेने.