मीटरांच्या खोळी

प्रिय नोरीन,

फोनवर बाबांचं नाव निघालं की तू विषय बदलतेस, म्हणून कागद घेऊन बसले आहे. पत्र निदान शेवटपर्यंत वाचशील. शुक्रवारी लोर्ना घरी येणार आहे. बाबा या घरात राहणार की त्यांना काऊंटीच्या सरकारी वृद्धाश्रमात नेणार, ते त्या दिवशी ठरेल.

झालं असं, की हंगाम ऐन भरात आहे. चार जुलैच्या सुट्टीची गर्दी अजून ओसरलेली नाही, किनाऱ्याकडे गाडी लावायला बोटभर जागा मिळत नाही. अशात परवा सकाळी बाबांनी माळ्यावरून पार्किंगच्या मीटरांच्या जुन्या खोळी काढल्या. मीच शिवलेल्या, शिडाच्या जाड कापडाच्या. सप्टेंबर सरला की ते त्या एकेका मीटरवर चढवायचे, आणि खोळ दिसली की गाव समजून जायचं, पाहुणे गेले, आता कुठेही फुकट लावा. मीटरांवरची नोकरी सुटली, पण खोळी काही त्यांनी मला टाकू दिल्या नाहीत. मी आपली शिंपल्यांचं सूप ढवळत होते. हे कधी बाहेर पडले, कळलंच नाही. त्यांनी चर्चसमोरचे सगळे मीटर झाकले, नाड्या ओढून नीट गाठी मारल्या.

बाहेरच्या लोकांना वाटलं, आज फुकट. गाड्या लावून सगळे पाण्यात. दुपारी काचांवर पार्किंग खात्याच्या दंडाच्या पावत्या पाहिल्यावर मात्र भडकले. बाबा तिथेच बाकावर राखण करत बसलेले. एका आडदांड माणसाने त्यांची कॉलर धरली. लोर्ना धावली म्हणून बरं. आता त्या खात्याची साहेब असली तरी काम बाबांच्याच हाताखाली शिकली ना ती. पुढचं तिनेच मला सांगितलं. कॉलर त्या माणसाच्या मुठीत, आणि हे शांतपणे त्याला सांगताहेत, "आज कुणालाही पावती नाही. माझ्या नोरीनचं लग्न आहे."

तुझं लग्न नेमकं हंगामाच्या पहिल्या दिवशी होतं. फुलांनी सजवलेल्या तुझ्या गाडीवर त्यांनी पावती चिकटवली, वर पाहुण्यांदेखत म्हणाले, नियम सगळ्यांना सारखा. त्यानंतर तू या उंबऱ्याच्या आत आली नाहीस. तुझं चुकलं असं मी तेव्हाही म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. पण त्यांच्या डोक्यात ती सकाळ अजून उलटलेली नाही गं. कालही कोट घालून दारात उभे होते. मी विचारलं, कुठे निघालात? तर म्हणाले, "अगं, पोरीला चर्चमध्ये न्यायचंय. तू अजून तयार नाहीस?"

लोर्ना मला म्हणाली, "काकू, काऊंटीला अहवाल मला द्यावाच लागेल. यांच्याजवळ रात्रंदिवस कोण असेल, तेवढं सांगा." मी म्हटलं, मी आहे की. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्ही? तुम्ही तर भिंतीला धरून चालता." मी हसून वेळ मारून नेली. म्हटलं, भिंत आमचीच आहे, धरली तर बिघडलं कुठे.

तिला सांगितलं नाही ते तुला सांगते. सोमवारी मला हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी दवाखान्यात भरती व्हायचं आहे. दोनदा मी पुढे ढकलली. आता डॉक्टर ऐकत नाहीत, आणि जिना चढताना मलाही कळतं की ते खरं बोलताहेत. म्हणजे शुक्रवारी लोर्नासमोर "मी आहे" म्हणायला दुसरं कुणीतरी हवं. ये, नोरीन. त्यांना माफ करायला ये असं म्हणत नाही. त्यांनी तुला ओळखलं नाही तर मनाला लावून घेऊ नकोस, आणि ओळखलंच तर हवं तितकं भांड. पण भांडायला तो माणूस घरात तर हवा.

दाराकडे कान लावून बसलेली,
तुझीच आई