मराठीत सांगितलेली तक्रार

१२ जून, गुरुवार
जेवणाच्या सुट्टीत रेणुका डबा घेऊन माझ्या टेबलाशी आली. अथणीची पोर, आमच्या कारखान्यात तपासणी विभागात तीन वर्षं. अख्ख्या कँटीनमध्ये मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच, त्यामुळे बाकीच्यांची मी एच.आर.ची मॅडम आणि हिची निपाणीची अक्का. दोडक्याच्या शिरांची चटणी माझ्या ताटात वाढली आणि खाली बघत म्हणाली, "अक्का, एक सांगू काय? रागावू नका वो."
लाईनचा सुपरवायझर मशीन बघायच्या निमित्तानं मागं येऊन उभारतोय. अंगाला घासतोय. परवा मंगळवारी तर कमरेला हात. "झटकला तर हसायलाय."
संतापच आला. म्हटलं, मी बघते. तू शांत राहा, गावाकडे आईला काही कळवू नकोस, उगाच घोर लावून घेईल.
"तुमी हाय म्हणून बरं," म्हणाली. ऐकून बरं वाटलं मला.
त्या माणसाचं नाव इथेही लिहीत नाही. छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीची अध्यक्ष मीच, नावं गुप्त ठेवा म्हणून दर वर्षी सगळ्यांना बजावणारीही मीच.

१६ जून, सोमवार
सुपरवायझरला बोलावून कन्नडमध्ये चांगलं खडसावलं. "अय्यो मॅडम, ती मला धाकट्या बहिणीसारखी," म्हणे. म्हटलं, बहिणीपासून चार हात लांब राहायचं. मान खाली घालून गेला.
रेणुकाला स्टोअरला हलवलं. तिथे खिडकी नाही आणि मैत्रिणीही नाहीत, पण तो तरी नाही. त्याला हलवणं शक्य नव्हतं, त्याच्यावाचून लाईन अडते. चार दिवसांत प्रकरण मिटलं, कुठे बोभाटा नाही. स्वतःवर खूष.
घरी नवऱ्याला, जयंतला, नावगाव न सांगता एवढंच सांगितलं. त्याची सगळी नोकरी सरकारी कारखान्यात गेली, कागदाशिवाय घास उतरत नाही. "लेखी घेतलंस का?" म्हणाला. म्हटलं, अरे, घरच्यासारखी आहे ती. तिच्याकडून अर्ज काय लिहून घ्यायचा!

१८ सप्टें., गुरुवार
मल्लेश्वरमला कंपन्यांसाठी शिबिर. साहेब (आमचे एम.डी.) मुद्दाम बरोबर आले. कायद्यातले बदल: किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या, किती नव्वद दिवसांहून जास्त रखडल्या, हे आता संचालकांच्या अहवालात छापावं लागणार. समितीची नोंद सरकारी पोर्टलवर करायची. साहेब कानाशी वाकून म्हणाले, "आपला आकडा किती?" शून्य, म्हटलं. ते हसले. दर वर्षीचं शून्य. मला त्याचं फार कौतुक.
वक्त्या बाई शेवटी म्हणाल्या की बाईला लिहिता येत नसेल, धीर होत नसेल, तर लिहून घ्यायला मदत करणं हे समितीचं काम आहे, उपकार नाहीत. वहीत उतरवलं. खाली दोन रेघा मारल्या. मग चहा.
रेणुकाची आठवण झाली. नाही झाली असं लिहिणार होते, पण झाली. मिटलंय ना ते, म्हणून बिस्किट उचललं.

१२ डिसें., शुक्रवार
बढत्यांची यादी लागली. सुपरवायझर आता शिफ्ट इनचार्ज. लाईनबरोबर स्टोअरही त्याच्याकडे. यादीत 'तक्रार / शिस्तभंग' असा एक रकाना असतो. त्याच्या नावापुढे 'नाही' मीच लिहिलं होतं, गेल्या महिन्यात. लिहिताना हात थांबला नाही, हे आज आठवलं.
रेणुका पहिल्यांदाच केबिनमध्ये आली. उभीच राहिली. "अक्का, स्टोअरपण त्याच्याखाली आलं काय?"
स्वल्प थांब, बघते काहीतरी, म्हटलं.
"जूनमधी पण असंच म्हटलासा."

१७ डिसें., बुधवार
आली. लेखी तक्रार. कन्नडमध्ये, दोन पानं, सुवाच्य अक्षर. शेवटचा प्रसंग १० जून.
बोटांवर मोजलं, मग कॅलेंडर काढून मोजलं. कायद्यानं तक्रारीला तीन महिने, आणि सबळ कारण असेल तर आणखी तीन. मुदत १० डिसेंबरला संपली. सात दिवस उशीर! जूनमध्ये कँटीनमधल्या कागदी रुमालावर जरी चार ओळी लिहून घेतल्या असत्या तरी…
तक्रार तीनदा वाचली. माझं नाव शोधत होते. कुठेही नाही. आधी हायसं वाटलं. इथे खोटं कशाला लिहू, आधी हायसंच वाटलं.

२३ डिसें., मंगळवार
समिती बसली. मी अध्यक्ष म्हणून मधल्या खुर्चीत. बाहेरच्या सदस्य म्हणजे बसवनगुडीच्या वकीलबाई, महिला संस्थेत काम करतात, डोळ्यांतून काही सुटत नाही. त्या म्हणाल्या, मुदत उलटलीय, पण तेव्हा समितीतल्या कोणाला तोंडी सांगितलं असेल आणि त्यांनी लिहून घेतलं नसेल, तर चूक समितीची, तिची नाही. तसं असेल तर तक्रार दाखल करून घ्यावी असा आग्रह धरीन, म्हणाल्या. मग रेणुकाकडे वळल्या. कोणाला सांगितलं होतंस?
मी टेबलाकडे बघत होते.
"यारिगू हेळिल्ल, मॅडम." कोणालाच सांगितलं नाही.
आणि मी ते इतिवृत्तात लिहिलं. माझ्या हातानं. 'तक्रारदाराने कोणासही सांगितले नाही.' खाली सही.
जिन्यात गाठून विचारलं, असं का बोललीस गं? म्हणाली, "तुमची नोकरी जाईल वो अक्का. रिटायर व्हायला दोन वर्षं राहिली न्हवं?"
थू माझ्यावर.

२४ डिसें., बुधवार
रजा टाकली. जयंतला आज सगळं सांगितलं, नाव सोडून. तो 'मी म्हटलं होतं' म्हणेल म्हणून तयारीत होते. म्हणाला नाही. चहा करून आणला. त्यानंच जास्त लागलं.
दिवसभर एकच घोळतंय. हेच तिनं केबिनमध्ये येऊन कन्नडमध्ये सांगितलं असतं, तर मी त्या मिनिटाला फॉर्म पुढे केला असता. तीस वर्षं ह्या गावात कामाचं बोलणं कन्नड नाहीतर इंग्रजीत केलं, मराठी फक्त घरी. मराठीत कानावर पडलं ते घरातलं म्हणून ऐकलं, आणि घरातल्यासारखंच मिटवलं. पोरीला गप्प बसवून, पोरीलाच हलवून.
आणि तिला ते दुसऱ्या कुठल्या भाषेत सांगता आलंच नसतं. कमरेला हात, हे ती परक्या बोलीत पहिल्यांदा कशी बोलणार? मला कळायला हवं होतं. कोणाला नाही तर मला.

२९ डिसें., सोमवार
पत्र दिलं. एक प्रत साहेबांना, एक वकीलबाईंना. १२ जूनला तक्रारदाराने मला तोंडी सांगितलं, मी लिहून घेतलं नाही, बढतीच्या यादीत खोटं लिहिलं, २३ तारखेला गप्प बसले. अध्यक्षपद सोडते, मला साक्षीदार धरा.
साहेबांनी दोनदा वाचलं. "मॅडम, हे कागदावर कशाला? मुदत तर संपलीच आहे. अहवाल छापायला जायचाय. शांत राहा, मी बघतो."
मी बघतो! माझंच वाक्य, माझ्याच सुरात. ऐकणाऱ्याला ते कसं लागतं हे पन्नाशी उलटल्यावर कळलं.
पत्र परत घेतलं नाही. वकीलबाईंनी पोच दिली.
येताना नव्या मेट्रोत बसायला जागा मिळाली. हलकं वाटलं. रेणुकाला कधी सांगते असं झालंय.

२ जाने., शुक्रवार
सांगितलं. वाटलं होतं रडेल, हात धरेल. (काय काय वाटून घेते मी.)
तिनं हातातलं खोकं खाली ठेवलं. मग कन्नडमध्ये म्हणाली, "मॅडम, म्हणजे मी समितीसमोर खोटं बोलले असं झालं ना आता?"
मी मराठीत समजवायला गेले. माझी चूक होती, ती कबूल केली, तुझा काय दोष. तिनं ऐकून घेतलं आणि एवढं एक मराठीत बोलली: "तुमच्यासाठी बोलले वो. आता तो म्हणेल, ही एकदा खोटं बोलली, तर सगळंच खोटं. पत्र द्यायच्या आधी एकदा मला विचारायचं हुतं."
तिला विचारायचं डोक्यातसुद्धा आलं नाही. जूनमध्ये तिला न विचारता मिटवलं, आता तिला न विचारता उघडं केलं. दोन्ही वेळा तिच्या भल्यासाठी. दोन्ही वेळा हायसं मला वाटलं.

५ जाने., सोमवार
समिती बुधवारी बसणार. मधल्या खुर्चीत दुसऱ्या प्लांटच्या बाई. तक्रार दाखल होईल की मुदतीबाहेर म्हणून परत जाईल, वकीलबाईंनाही सांगता येत नाही. २३ तारखेचं तिचं उत्तर आडवं येणार, हे मात्र त्यांनी स्पष्ट सांगितलं.
स्टोअरमध्ये गेले. दारातच उभी राहिले. रेणुका खोकी मोजत होती. मी विचारलं, बुधवारी मी काय सांगू? तू म्हणशील तेवढंच बोलेन. बोलू नका म्हणालीस तर पत्र मागे घेईन, माझं काय व्हायचं ते होवो. तुला काय हवंय?
तिनं वर बघितलं. राग होता की नव्हता, कळलं नाही.
"हे आत्ता विचारायलासा," म्हणाली. मग, "विचार करून सांगते."
कधी, असं तोंडावर आलं होतं. विचारलं नाही. वर आले, फायली लावत बसले. पाच वाजता तिची बस गेली. अजून काही कळवलेलं नाही.