अस्वलाच्या गोळीचा वाद आणि माझी केबिन

मी, व्हर्ना मे हफनेगल, कै. मर्ल हफनेगल यांची पत्नी, वय शहात्तर, राहणार केटल हॉलो, पेनसिल्व्हेनिया, सकाळची कॉफी पिऊन, चष्मा लावून, कोणाच्या धाकाने वा लाडीगोडीने नव्हे तर स्वतःच्या मर्जीने हे मृत्युपत्र करते. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी डोंगरावरची केबिन माझा धाकटा भाऊ ड्वाइट ब्रेसलर याला दिली होती. तेव्हा त्याने बंदुकीसाठी प्लास्टिकचे झबले घातलेल्या गोळ्या आणायला सुरुवात केली नव्हती.

वकीलबाई म्हणतात, कारणे लिहू नका, कोणाला काय तेवढेच लिहा. मी कारणे लिहिली नाहीत तर ड्वाइट आपली कारणे गावभर सांगेल. म्हणून लिहिते.

कलम १. गावातले राहते घर विकावे आणि येणारी रक्कम, बँकेतल्या शिलकीसह, गावच्या स्वयंसेवक अग्निशमन पथकाला द्यावी. मर्लच्या छातीत कळ आली तेव्हा तीच पोरे बर्फ उपसत आमच्या दारापर्यंत आली होती. त्यांनी आधी नवा पंप घ्यावा. टीव्ही नव्हे. त्यांच्या बैठका मला ठाऊक आहेत.

कलम २. डोंगरावरची केबिन, भोवतालचे रान आणि ओढ्याकडची वाट माझी भाची जनेल, ड्वाइटची मुलगी, हिला द्यावी. याचे कारण सविस्तर.

ठासणीच्या बंदुकीला एकच बार. तो उडाला की पुन्हा नळीत दारू ओता, गोळी घाला, गजाने ठासा. तोवर अस्वल काही तुमची वाट पाहत बसत नाही. म्हणून गोळी कोणती, हा आमच्या घरात धर्माचा प्रश्न आहे. ऑक्टोबरात अस्वलाच्या कातडीखाली चरबीचा जाड थर असतो. लहान भोक ती चरबी बुजवून टाकते आणि रक्त जमिनीवर पडत नाही. जड, सबंध शिशाची, बोथट तोंडाची गोळी आरपार जाते. दोन भोके पडली की माग राहतो. हे मला वडिलांनी शिकवले. ड्वाइटलाही तेच वडील होते, पण उपयोग झाला नाही.

जनेल पहिल्यांदा अस्वलाच्या शिकारीला निघाली त्या सकाळी केबिनमध्ये नाश्त्यावरच वादाला तोंड फुटले.

"तुझी गोळी म्हणजे दाराची कडी आहे, व्हर्ना," ड्वाइट म्हणाला. "लांबवर पोचायच्या आत जमिनीत घुसते."

"लॉरेलच्या झुडपांच्या जाळीत लांबवर दिसतं का तुला? वीस पावलांवरचं दिसलं तरी देवाची कृपा!"

"अगं, ही हलकी आहे, सुसाट जाते. आत गेली की फुलासारखी उमलते."

"दारातच उमलते मेली! आत जाते कुठे?"

"बाबा, आत्या, अंडी गार होतायत," जनेल म्हणाली.

तिने बापाची गोळी ठासली. बापाचे मन राखायला, दुसरे काय. मी माझ्या दोन गोळ्या तिच्या कोटाच्या खिशात टाकल्या.

दुपारी अस्वल आले. तिने बार काढला, अस्वल दचकले आणि जाळीत शिरले. आम्ही धावत गेलो तर रक्ताचा थेंब नाही.

"पडलं असेल आत कुठंतरी," ड्वाइट म्हणाला. "आधी सूप पिऊन घेऊ."

सूप! अंधार पडेस्तोवर शोधले, सापडले नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताच ड्वाइटचा गुडघा दुखू लागला, म्हणून जनेल आणि मी जाळीत शिरलो. यावेळी तिने माझी गोळी ठासली होती. पडलेल्या हेमलॉकच्या झाडाच्या आडोशाला अस्वल बसले होते. जिवंत. आम्हाला पाहून उठले आणि मोडक्या खांद्यानिशी सरळ पोरीच्या अंगावर आले. मला बंदूक उचलायलाही सवड मिळाली नाही. तिने इतक्या जवळून बार काढला की धुरात दोघेही दिसेनासे झाले. धूर विरला तेव्हा अस्वल तिच्या बुटांपाशी पडले होते आणि ती उभी होती.

कातडी सोडवताना ड्वाइटची गोळी खांद्यात सापडली, बाटलीच्या बुचासारखी चपटी, फुप्फुसाच्या वीतभर अलीकडे. माझी आरपार जाऊन झाडात घुसली होती.

"बघ, माझ्या गोळीनं हाड मोडलं," ड्वाइट म्हणाला. "मेलं ते माझ्याच गोळीनं. जरा सावकाश, एवढंच."

"सावकाश?" मी म्हटले. "पोर मरता मरता वाचली तुझी!"

"तुझी गोळी आधी घातली असती ना, तर लागलीच नसती!"

जनेलने हातातली सुरी खाली ठेवली. "दोघंही गप्प बसा. ते माझ्याकडे तोंड करून तिरकं उभं होतं, मध्ये खांद्याचं हाड होतं. ते आडवं वळेपर्यंत मी थांबायला हवं होतं. आत्याची गोळी असती तरी मी बार काढायला नको होता. जन्मभर या घरात कोणती गोळी घालायची यावरून भांडणं ऐकली. ती कधी उडवायची नाही, हे मला कुणी सांगितलं नाही."

ड्वाइटने कातडीची एक बाजू धरली, मी दुसरी, आणि न भांडता आम्ही ती सोडवली. असे तेव्हाच घडले.

त्यानंतर दर ऑक्टोबरात ती वर जाते आणि बहुतेक वेळा भरली बंदूक घेऊन परत येते. "अस्वल होतं, आत्या. आडवं उभं राहिलंच नाही." माझा फ्रीजर रिकामा राहतो, मी चिडते, तोंडाला येईल ते बोलते. पण डोंगर द्यायचा तर अशाच माणसाला.

कलम ३. माझी बंदूक, गोळ्यांचे साचे, शिसे वितळवायचे भांडे आणि पळी जनेलला. साचे गंजू देऊ नयेत. पळीने सूप वाढू नये, हे ड्वाइटसाठी लिहिते.

कलम ४. त्या अस्वलाची कातडी ड्वाइटच्या बैठकीत भिंतीवर आहे आणि तिच्याखाली पितळी पाटीवर त्याच्या गोळीचे नाव कोरले आहे. दुसऱ्याच्या भिंतीवरची वस्तू मृत्युपत्रात येत नाही, असे वकीलबाई म्हणतात. येत नसेल तर न येवो. पाटी खोटी आहे, एवढी नोंद सरकारदरबारी राहावी.

कलम ५. ड्वाइटला काहीही नाही. साक्षीदाराला वाटा नसलेला बरा, असा सल्ला मिळाला, आणि साक्षीदार होण्याचा हट्ट त्याचाच. वाटा घे म्हटले तर म्हणाला, "मला काय करायचंय? साक्षीदार म्हणून सही मात्र मी करणारच." प्रेतयात्रेनंतरच्या जेवणात त्याने अस्वलाची गोष्ट सांगू नये. सांगितलीच, तर जनेलने उठून दुरुस्त करावी.

हे सर्व मी स्वतः वाचून, समजून सही केली.

व्हर्ना मे हफनेगल
केटल हॉलो, ९ सप्टेंबर २०१९

साक्षीदार १: फिलिस रूपर्ट, शेजारीण. सही माझ्यासमोर झाली. मध्ये दोनदा भांडण झाले.

साक्षीदार २: ड्वाइट ब्रेसलर. कलम ४ सोडून बाकी ठीक. माझ्या बहिणीचे डोके ठिकाणावर आहे, याची मी साक्ष देतो. ते ठिकाण कोणते, हे मला अख्ख्या जन्मात कळलेले नाही.