आठ आण्यांची पुडी आणि पाण्याची पाळी

घडले ते असे:

१. माझा थोरला भाऊ हिंदुराव मुंबईच्या गोदीत होता, तेव्हा एका परदेशी खलाशाकडून दोन फाशांचा खेळ शिकला. पहिल्या दानाला सात किंवा अकरा पडले तर जीत. दोन, तीन, बारा पडले तर हार. दुसरे काही पडले तर तोच आकडा सातच्या आधी पुन्हा पडावा लागतो.

२. १९३३ साली बारामतीच्या बाजारात त्याने या खेळात बैलजोडी घालवली.

३. तेव्हापासून त्याच्या खेळाचा पैसा मी ठरवून देते.

४. गेल्या महिन्यात तो माझ्या सांगवीच्या रानाच्या पाण्याच्या दोन पाळ्या शेजारच्या मानसिंगकडे फाशांवर हरला. वांगी जळाली.

५. माझ्या पोटात गाठ आहे. सोमवार, ता. २३ नोव्हेंबर रोजी पुण्यात शस्त्रक्रिया आहे.

म्हणून मी, जयवंता अप्पा खलाटे, वय २६, अविवाहित, धंदा नर्स व सुईण, मुक्काम इंदापूर, हे मृत्युपत्र लिहिते. गाठ पोटात आहे, डोके शाबूत आहे. कोणी सांगून लिहवलेले नाही.

कलम एक. सांगवीचे वीस गुंठे रान मी माझ्या पगारातून घेतले. ते वहिनी कौसल्या हिला द्यावे. पाण्याचा पास तिच्याच हाती राहील. पाटकरी दत्तोबा तात्या यांना मी या मृत्युपत्राचे व्यवस्थापक नेमते. कौसल्या स्वतः पाटाच्या चारीवर आल्याशिवाय त्यांनी आमचे पाणी कोणाच्याही रानात सोडू नये. मागच्या वेळी त्यांनी दादाच्या तोंडी शब्दावर आमचे पाणी मानसिंगकडे सोडले, हे त्यांनी लक्षात ठेवावे.

कलम दोन. तराजू, वजने, कात्री व सुईणपणाची पेटी माझ्याबरोबर काम करणाऱ्या द्वारकाबाईस द्यावी. तिला वस्तू मिळते, म्हणून तिची साक्ष घेतलेली नाही.

कलम तीन. पोस्टातील एकशे चाळीस रुपयांतून दवाखान्याचा खर्च भागवावा. उरेल ते कौसल्येचे.

कलम चार, खेळाविषयी. दादाला एकदम बंदी केली की तो चोरून खेळतो, हे दोनदा पाहिले. म्हणून दवाखान्यात औषधाच्या पुड्या बांधतो तशी मी आठवड्याला एक पुडी बांधली. आत आठ सुटे आणे. एका डावाला एक आणा, दुप्पट लावायचे नाही, जिंकलेले घरी वहिनीच्या डब्यात, पुडी संपली की उठायचे. शंभर डावांत खेळणारा एकोणपन्नास जिंकतो आणि एक्कावन्न हरतो. हे मी त्याला कागदावर मांडून दाखवले होते. तीन वर्षे त्याने नियम मोडला नाही.

वांगी जळाली त्या दिवशी मी सांगवीला गेले.

"दादा, पुडीत किती होते?"

"आठ आणे. मोजून घे की."

"आणि पाळी?"

"पाळी तुझ्या पुडीत हाय व्हय? तुझा नियम मी मोडला न्हाय, जयू."

वहिनी चुलीपाशी होती. ती म्हणाली, "ताई, तुमच्या पुडीनं नवं बैल राखलं. रान न्हाय राखलं. पुढच्या येळी मला लावतील, मंग कुठल्या पुडीत शोधायचं?"

दादा हसला. आम्ही दोघी हसलो नाही.

चूक माझी आहे. मी नाणी मोजली. आमच्याकडे पाणी हेच नाणे आहे, ते मोजायचे राहिले. मानसिंगविरुद्ध माझी फिर्याद नाही. त्याचा ऊस हिरवा आहे. तो पाहिल्याशिवाय मला आता पाटावरून जाता येत नाही, एवढेच.

कलम पाच. मी बावन्न पुड्या बांधून ठेवल्या आहेत. पहिल्या तेरा आठ आण्यांच्या, मग तेरा सहाच्या, तेरा चारच्या, तेरा दोनच्या. एकूण सव्वासोळा रुपये. वर्षाने संपतील, पुढे एकही बांधू नये. दादा खालील प्रश्नाला होय म्हणाला तरच त्या वहिनीने एकेक द्याव्यात. नाही म्हणाला, किंवा गप्प राहिला, तर सगळ्या फोडून त्या पैशांची वांग्याची रोपे आणावीत, आणि दादाने त्या रानात पाऊल ठेवू नये.

सही: जयवंता अप्पा खलाटे
साक्षीदार: संभाजी मास्तर (सही), गोजरबाई, शेजारीण (डाव्या हाताचा अंगठा)
इंदापूर, मंगळवार, ता. १० नोव्हेंबर १९३६

दादा, या कागदाची नक्कल तुला पाठवली आहे. पाणी, रान, जनावर किंवा घरातले माणूस पुन्हा फाशांवर लावणार नाहीस, हे दत्तोबा तात्या आणि मानसिंग यांच्यासमोर बोलशील का? ओवाळणी नको. होय किंवा नाही, एवढेच भाऊबीजेच्या दिवसापर्यंत कळव.