कात्रणांच्या घड्या

रविवार, संध्याकाळ. लक्ष्मीबाई नगर

आत्ताच भाचीचा, सुलूचा, गावाहून फोन झाला. तिचा गुडघा, जावईबापूंचं बीपी, सासूबाईंचा मोतीबिंदू, एकेकाची तब्येत विचारत बसले. तिचा प्रश्न लांबवायचा होता ना! तो आलाच. "मावशी, मेघाचा अभ्यास कसा चाललाय?" आणि मी म्हणाले, "बिल्कुल मस्त!" जीभ कशी झडली नाही माझी?

सकाळीच मुनिरका वस्तीत तिच्या लेकीच्या, मेघाच्या खोलीवर गेले होते. कलेक्टरकीच्या परीक्षेसाठी वर्षभर मी पेपरातली कात्रणं कापते, लाल पेन्सिलीने खुणा करते, दर रविवारी बसने नेऊन देते. मी चौथी शिकलेली, पण चालू घडामोडी तोंडपाठ! आज बघते तर सगळी कात्रणं खोक्यात. माझ्या घड्या जशाच्या तशा, एकही उलगडलेली नाही.

"अगं, वाचायला काय धाड भरली होती?"

"आजी, मी परीक्षा सोडली. दिवाळीपासून शाळेत शिकवते. तू एवढ्या हौसेने यायचीस, सांगवेना."

म्हणजे अभ्यास माझाच चालला होता! निदान एखादी घडी तरी मोडायचीस, बाई. पण शाळेतल्या पोरांबद्दल बोलताना कशी खुलली होती, तेही खरंच. मग एवढी चिडचिड कशाची होतेय मला?

शेवटी तिला मेसेज केला. "तुझ्या आईशी एकदा खोटं बोलले, पुन्हा जमणार नाही. तुझं तू सांग. धीर होत नसेल तर इथे ये, माझ्या शेजारी बसून फोन लाव. कधी येतेस, लगेच लिही."